गंगव्वा क्लिक ऐकत नाही

वडगावात, मागांच्या वरच्या खोलीत
आम्ही भिंतींना गाद्या टांगल्या,
खिडकीला तीन पदरी कांबळं,
तरी खालची खटखट
तळपायांतून वर येतच राहिली.
माग थांबतात ते वीज गेल्यावर,
आणि वीज गेली की आम्हीही थांबतो.
म्हणून हा अल्बम रात्री दोन ते पाच
या वेळात झालाय, पाळी सुटल्यावर.
ऐकणाऱ्यांना तो चिंतनशील वाटतो.
खरं म्हणजे तो पेंगुळलेला आहे.

गिटार भरमाणीची. म्हणजे मूळची कॅम्पातल्या सिल्वेस्टर अंकलची,
जे पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे
आणि घरी, दार लावून, ती मांडीवर आडवी घेऊन
फुटक्या बाटलीच्या मानेनं तारा घासायचे.
अमेरिकेतल्या कुठल्या माळावरची गाणी :
धूळ, घोडा, निघून गेलेली बाई.
‘प्रेअरी म्हणजे कसं असतं हो, अंकल?’
‘बैलहोंगलकडे जा, एप्रिलात.
काळं रान, झाड नाही. तसंच.’

गेलो. तसंच होतं.
रस्त्याकडेला बसून भरमाणीनं पाचवं गाणं केलं.
त्यात घोडा नाही,
पंक्चर झालेली टीव्हीएस आहे.

वीरेश हुबळीचा. लॅपटॉप त्याचा, धीरही त्याचाच.
तो कन्नडात मोजतो, इंग्रजीत शिव्या देतो,
चहा मराठीत मागतो.
भाषेवरून आम्ही भांडलो नाही.
फक्त मुखपृष्ठावर आधी कुठली लिपी
यात तीन आठवडे गेले,
आणि शेवटी नुसता फोटो टाकला :
गच्चीवर उपडी बादली.

मग गंगव्वा आली, सौंदत्तीच्या वाटेवरची,
काखेत चौंडकं, कपाळभर भंडारा.
वीरेशनं तिच्या कानांवर हेडफोन चढवला,
बोट वर केलं, क्लिक सोडला.
तिनं जरा वेळ ऐकलं.
हेडफोन काढून मांडीवर ठेवला,
उंदीर धरावा तसा, दोन बोटांत.
‘ह्यो कोण टकटक करूलाय?’
‘ताल आहे, मावशी. मशीनचा. त्याच्याबरोबर जायचं.’
‘त्याला कुठं जायाचं हाय?’

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ती गायली. दम लागला तिथं थांबली,
मधेच पान काढलं, चुना लावला,
आणि उचललं परत, बरोब्बर त्याच सुरावर.
तिसऱ्या कडव्यात चाल वाढली,
कारण, म्हणाली नंतर, तिथं बाई डोंगर उतरते,
उतारावर कोण सावकाश चालतं?

फटफटलं तेव्हा वीरेश
एकेक ठोका माउसनं ओढून
तिच्या पायाशी आणून ठेवत होता.
नऊशे बारा. मोजले त्यानं, कन्नडात.
मी ड्रम नंतर वाजवले, दिवा बंद करून,
ती थांबली तिथं काठ्या हवेत धरून.
बारा वर्षं वाजवतोय मी.
हवेत धरून ठेवणं
कुणी शिकवलं नव्हतं.

पानाचं सगळं आम्ही ठेवलंय. अडकित्त्यासकट.

पण शेवटच्या गाण्यातलं चुकलंच.
तिथं माउथऑर्गन आहे, आगगाडीची नक्कल,
आणि नेमकी त्याच रात्री लोंढ्याकडे जाणारी मालगाडी
दुसऱ्या गेटावरून खरोखरच ओरडली,
कांबळ्यातून आत आली,
आमच्यापेक्षा पाव सूर खाली.
‘सुरात आणू?’ वीरेश म्हणाला. ‘दोन सेकंदांचं काम.’
झोप आली होती. आण म्हणालो.

आता फाटक पडतं,
मी हेल्मेट न काढता गाडीवर बसून राहतो,
पुढे उसाचा ट्रॅक्टर, बाजूला शाळेची रिक्षा,
आणि खरी गाडी येते, उतरलेल्या आवाजाची,
आणि माझं डोकं, मी न सांगता,
तिला ओढून वर आणत बसतं.